पंपावरची हाक

उभ्या आयुष्यात मी गणपतीशी तीन दिवस अबोला धरला, आणि ते तिन्ही दिवस मी परमुलखात होतो. सिंदीला घरी असतो तर ते जमलंच नसतं. आमचा देव्हारा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, पाणी प्यायला गेलं तरी हात आपोआप जोडले जातात. तिकडे माझा देव म्हणजे शर्टाच्या खिशातला एक छोटा फोटो होता, केळझरच्या टेकडीवरच्या देवळातून आणलेला, कडा मऊ पडलेला. तो मी खिशातून काढला आणि पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली, पालथा घातला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, दोन नातींचा आजोबा, आणि रुसलो ते दुसरीतल्या पोरासारखा. लिहिताना लाज वाटते. पण जे घडलं ते सांगायचं तर या रुसव्यापासूनच सांगावं लागेल.

मी हातपंपांचा मेकॅनिक. पंचायत समितीच्या नोकरीत बत्तीस वर्षं सेलू तालुक्यातल्या गावागावांत हिंडलो, पंप उघडले आणि जोडले. हातपंप वरून दिसतो तेवढाच नसतो. खाली जमिनीत शंभरेक फूट लोखंडी पाइपांची रांग लोंबत असते, दहा-दहा फुटांचे तुकडे एकमेकांत आट्यांनी बसवलेले, आणि सगळ्यात शेवटी सिलिंडर. त्या सिलिंडरमधलं वायसर झिजलं की पाणी कमी येतं, आणि ते बदलायचं तर अख्खी रांग वर ओढावी लागते. पाच-सहा जण पाइपाला धरतात, एक जण पाइप पकडून ठेवणारा क्लॅम्प सांभाळतो. ओढताना क्लॅम्प उघडायचा, थांबलं की आवळायचा. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला पाहिजे, म्हणून हाक द्यायची असते. माझी हाक ठरलेली होती. मी म्हणायचो, 'गणपती बाप्पाऽऽ', आणि 'मोरया' म्हणताना सगळे पाइप ओढायचे. आमच्याकडच्या कुठल्याही गावात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकदाही पाइप बोअरमध्ये पडला नाही, आणि हे मी चारचौघांत सांगत फिरायचो. नाव देवाचं घ्यायचो, पण छाती माझीच फुगायची.

रिटायर झालो आणि माझी पंचाईत झाली. मला स्वस्थ बसताच येत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. शेजाऱ्याचा नळ गळत असला तर त्यानं सांगायच्या आत मी पाना घेऊन हजर. पंख्याचा आवाज, दाराची कडी, गॅसची नळी, कशातही हात घालायचा, आणि कधी कधी बरं चाललेलं बिघडवून ठेवायचं. देवळातसुद्धा मी कधी पाच मिनिटं टेकलो नसेन. प्रदक्षिणा, नमस्कार, प्रसाद, निघालो. देवाकडे जायचो ते हजेरी लावायला.

अशात सावंगीला राहणाऱ्या एका डॉक्टर मॅडमचा निरोप आला. त्या दरवर्षी सुट्टी काढून, पदरमोड करून, युगांडातल्या एका खेड्यात आठवडाभर रुग्णसेवेला जातात. त्या मला म्हणाल्या, "काका, तिथे निम्मे पेशंट जुलाबाचे. गोळ्या देऊन देऊन मी थकले. गावात एकच हातपंप आहे, अगदी आपल्यासारखा, पण धार करंगळीएवढी. उरलेलं पाणी बायका दलदलीतून आणतात. तुम्ही चला." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मी बघतच राहिलो. सेलूतल्या शाळेपुढे असावा तसाच्या तसा पंप, आणि तो आफ्रिकेतल्या आंब्याखाली उभा. मला वाटलं, हा माझ्यासाठीच ठेवलाय.

पिशवी भरताना बायकोनं माळ्यावरून गळ काढला. विहिरीत बादली पडली की गळानं काढतात, तसा बोअरमध्ये पडलेला पाइप काढायचाही एक गळ असतो. हातभर लांब लोखंडी नळकांडं, आत दोन जिभा. दोरानं खाली सोडायचं, ते पाइपाच्या डोक्यावर बसलं की जिभा जोडाच्या खाली अडकतात. आमच्याकडचा गळ मी हौसेनं करून घेतला होता आणि कधीच वापरला नव्हता. तिनं तो पुसून पिशवीत ठेवला, मी बाहेर काढला.

"राहू द्या न," ती म्हणाली. "येळ काय सांगून येते काय?"

"चार किलो वजन हाय थ्या गळाचं. अन् माह्या हातून पाइप पडत नाई."

"सगळं तुमीच करजा बाप्पा. देवाले बी एखांदं काम करू देत जा कधी."

मी हसण्यावारी नेलं. गळाच्या जागी वायसरची जास्तीची पाकिटं बसली आणि वर तिळाच्या लाडवांचा डबा.

विमानातून उतरल्यावर दिवसभर गाडीनं उत्तरेकडे गेलो. गाव म्हणजे गवताच्या छपरांच्या गोल झोपड्या, लाल माती, आणि शेतांत ज्वारी, तूर, तीळ, कापूस. मी मॅडमना म्हणालो, हे तर आपलंच शिवार आहे, फक्त माती रंगवलीय. तिळाचे लाडू घेऊन मी तिळाच्याच गावी आलो होतो. पंपाची व्यवस्था आकेलो नावाच्या एका बाईकडे होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. पंपाच्या दांड्याला साखळी आणि कुलूप, त्याची किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेली. पंप थोड्या वेळात दमायचा, म्हणून दर घराला दोनच कॅन पाणी, आणि कुणाचाही नंबर पुढे-मागे नाही. पहाटेपासून पिवळ्या कॅनची रांग लागायची. गावातल्या शाळेचे मास्तर इंग्रजी बोलायचे, त्यांचं मॅडम मला मराठीत सांगायच्या. माझं इंग्रजी म्हणजे पाइप, पाना आणि थँक्यू.

पोचलो त्या बुधवारी संध्याकाळी आंब्याखाली आमचं स्वागत झालं. त्यांनी गाणी म्हटली, नाचले, आणि मग म्हणाले, आता तुम्ही काहीतरी करा. मॅडमनी एक कविता म्हटली. मला ना गाता येतं ना नाचता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी तुम्हाला आमच्या देवाचा जयजयकार शिकवतो. मी 'गणपती बाप्पा' म्हटलं की तुम्ही दोन्ही हात वर करायचे आणि 'मोरया' म्हणायचं. मास्तरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. पहिल्यांदा जरा विस्कळीत झालं, दुसऱ्यांदा सगळा आंबा दणाणला. त्यांना तो खेळ इतका आवडला की पोरं, बाप्ये, म्हाताऱ्या कुणी थांबेनात. आकेलोसुद्धा हसत हात वर करत होती. मी वीस वेळा तरी हाक दिली असेल. नंतर बायकोला फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "आफ्रिकेत मोरया करून राह्यले लोकं!" त्या संध्याकाळी माझ्याइतका खूश माणूस त्या गावात नसेल.

गुरुवारी सकाळी पंप उघडला. सहा दणकट माणसं पाइपाला आणि सातवी आकेलो, कारण पंप उघडा असताना ती तिथून हलायला तयार नव्हती. क्लॅम्पवर मी. पहिले दोन पाइप मास्तरांच्या 'वन, टू, थ्री'वर निघाले, पण जोर कधी मागे, कधी पुढे. ऊन चढत होतं. पलीकडे कॅनची रांग ताटकळत बसली होती आणि माझा जीव वरखाली होत होता. कुणी चुकत नव्हतं, फक्त माझ्या मनासारखं होत नव्हतं, आणि मला तेवढंही सहन होईना. तिसऱ्या पाइपाला सगळ्यांनी हात घातले, त्यांचे दंड फुगले, मी क्लॅम्प उघडला, आणि बत्तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. 'गणपती बाप्पाऽऽ!'

सातही जणांनी पाइप सोडला, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि हसऱ्या तोंडानं ओरडले, "मोरया!"

आधी सळसळ ऐकू आली, मग खोल खाली दणका बसला. क्लॅम्प आवळेपर्यंत त्यात काही उरलंच नव्हतं. सगळ्यांचे हात अजून वरच होते. त्यांना वाटलं असावं की हा विधीच आहे, भारतातले लोक असंच करत असतील. माझं तोंड पाहिलं तेव्हा एकेक हात खाली आला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मी लोकांना हजारदा ऐकवली असेल. त्या दिवशी ती माझ्याच गळ्यात पडली. करंगळीएवढी का होईना, त्या गावाला धार होती. मी येऊन तीही घालवली. मला वाटलं होतं लोक चिडतील, निदान कुणीतरी दोन शब्द सुनावेल. रांगेतल्या बायकांनी कॅन डोक्यावर घेतले आणि दलदलीच्या वाटेला लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आणि माझा राग वळला तो सरळ देवाकडे. ज्याचं नाव घेऊन मी बत्तीस वर्षं पाइप ओढले, त्यानं आपल्याच नावावर मला तोंडघशी पाडावं? इतकी जन्मभराची चाकरी, आणि साधी लाज राखता आली नाही त्याला? त्याच संध्याकाळी मी फोटो पालथा घातला.

शुक्रवारी गावातल्या सायकलवाल्याकडून एक सळई वाकवून घेतली आणि दोराला बांधून बोअरमध्ये सोडली. दिवसभर ती खाली पाइपाच्या डोक्याला खरडायची, टणटण वाजायची, आणि रिकामी वर यायची. माझ्या डोळ्यांसमोर सारखा माळा दिसत होता, आणि माळ्यावर पुसून ठेवलेला गळ. शनिवारी दुसरा आकडा केला, तिसरा केला. तळहात सोलून निघाले. मॅडमचा दवाखाना शाळेच्या व्हरांड्यात होता. तिथे त्या दिवशी आकेलोची दोन वर्षांची नात सलाइन लावून पडली होती, डोळे खोल गेलेले. मॅडम म्हणाल्या, "काका, ती बुधवारपासूनच आजारी आहे. तुमचा काही संबंध नाही." पण बुधवारचं दुखणं गुरुवारनंतर दलदलीच्या पाण्यानं बरं होणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. आकेलो नातीच्या उशाशी बसली होती आणि गळ्यातली ती किल्ली बोटांत फिरवत होती. उघडायला काहीच नव्हतं, तरी किल्ली तिनं काढून ठेवली नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी संध्याकाळी बायकोचा फोन आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता गळाचा विषय निघणार.

"जेवले काय?" तिनं विचारलं.

"नाई."

"जेवजा. अन् जरा एका जागी बसजा. तुमी बसान, तवाच देवाले समजीन न तुमी कुठं आहा थे."

मी चिडून फोन ठेवला. बसायला वेळ कुणाला होता? मंगळवारी सकाळी आमची गाडी निघणार होती. मी ठरवलं, रविवारी सकाळीच जिल्ह्याच्या गावाला जायचं आणि मिळेल तिथून गळ आणायचा. मास्तरांनी मोटरसायकलवाल्याला सांगून ठेवलं, पण तो म्हणाला, चर्च सुटल्याशिवाय निघणार नाही. त्या दिवशी गावात कुणीच काम करत नाही. मला संताप आला. घरात आग लागलीय आणि हे भजनाला बसतायत, असंच वाटलं मला.

रविवारी मी उघड्या पंपाभोवती येरझारा घालत होतो. आकेलो धुतलेला झगा घालून तिथून चालली होती. ती थांबली, माझ्याकडे आली, मनगट धरलं आणि चालायला लागली. मी दोनदा सोडवून घ्यायला बघितलं. तिनं सोडलं नाही. चर्च म्हणजे मातीच्या भिंती आणि टिनाचं छप्पर. मी मागच्या बाकावर, दारालगत बसलो, म्हणजे मोटरसायकल आली की पळता येईल. मॅडम आणि मास्तर माझ्या बाजूला. एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, गाणी झाली, प्रवचन झालं. मी घड्याळ बघत होतो. मग लोक एकेक करून उठून प्रार्थना करू लागले, आणि आकेलो उभी राहिली. ती हळू, थांबत थांबत बोलली. मास्तरांनी मॅडमच्या कानात सांगितलं, मॅडमनी माझ्या.

"ती म्हणतेय, हा माणूस आपलं घर सोडून इतक्या लांब आला. तीन दिवस झाले, याच्या हातांना चैन नाही. देवा, याच्या हातांना विसावा दे."

"अन् पंपाचं?" मी विचारलं.

"पंपाचं ती काहीच बोलली नाही."

तिच्या नातीला सलाइन लागलं होतं, गावाचं पाणी मी घालवलं होतं, आणि ही बाई तिच्या देवाकडे माझ्या हातांसाठी मागत होती. मला हुंदका आवरेना. मी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलतच होते. नकळत हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्या रिकाम्या खिशावरच मी तळहात ठेवला आणि मनात म्हणालो, 'मले नाई जमत रे बाप्पा. तू पाह्य आता.' एवढंच. माफी मागायलाही सुचलं नाही. तेवढ्यात चर्च सुटलं आणि बाहेर मोटरसायकल आली. माझ्यासाठी हॉर्न वाजत राहिला आणि मी उठलो नाही. काही ठरवून नाही. मग हॉर्न थांबला. मी डोळे मिटून बसलो, आणि किती वेळ बसलो ते मला ठाऊक नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाच्या दारात काहीही न करता बसलो होतो.

बाहेर आलो तेव्हा बाप्तिस्मा झालेल्या बाळाचा पणजोबा मास्तरांशी बोलत होता. दलदलीपलीकडच्या गावचा, काठी टेकत आलेला म्हातारा, गुडघ्यांनी थकलेला. नाव ओपिओ. आकेलोची प्रार्थना ऐकून त्यानं विचारलं होतं, या पाहुण्याच्या हातांना झालंय काय? मास्तरांनी पाइपाची हकीकत सांगितली. म्हातारा माझ्याकडे वळला. आम्हाला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्यानं डाव्या हाताची मूठ नळीसारखी केली, तीत उजव्या हाताची दोन बोटं वाकवून घातली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. नळकांडं आणि दोन जिभा! मी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. तरुणपणी तो त्या भागातले पंप दुरुस्त करायचा. त्याचा स्वतः घडवलेला गळ घराच्या भिंतीवर अजून टांगलेला होता, दोरासकट. मला शहरात नेण्यासाठी आलेल्या त्याच मोटरसायकलवर बसून म्हातारा घरी गेला आणि दिवस मावळायच्या आत गळ घेऊन आला.

यात चमत्कार काय, असं कुणी विचारलं तर मी वाद घालणार नाही. बाप्तिस्मा आधीच ठरलेला होता, म्हातारा येणारच होता. मी मात्र मोटरसायकल मिळाली असती तर उजाडतानाच निघून गेलो असतो, आणि रविवारच्या बंद बाजारातून संध्याकाळी हात हलवत परतलो असतो. म्हातारा माझ्यामागे गावात आला आणि गेला असता.

सोमवारी सकाळी मी फोटो पिशवीतून काढला, पुसला आणि खिशात ठेवला. त्याच्या डोळ्याला डोळा देण्याचं धाडस झालं नाही. पंपावर सगळा गाव होता. आम्ही गळ सोडला. म्हातारा शाळेतल्या खुर्चीवर बसून, दोरावर दोन बोटं ठेवून, नाडी बघावी तसा बघत होता. दोनदा त्यानं मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा त्याची बोटं थांबली आणि तो गालात हसला. गळ बसला होता. मग माणसांनी दोराला हात घातले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. हाक माझी होती ना. मी मान हलवली आणि आकेलोकडे बोट दाखवलं. तिनं क्षणभर विचार केला आणि एक गाणं सुरू केलं, शेत खणताना म्हणतात तसलं, संथ, एकसारखं. माझ्या हाकेत झटका असतो, तिच्या गाण्यात नव्हता. दोर नुसता वर येत राहिला. पाइपाचं डोकं वर आल्यावर, गाणं थांबलं की मी क्लॅम्प आवळायचो, सुरू झालं की उघडायचो. एवढंच माझं काम होतं, आणि ते पुरे होतं. दुपारपर्यंत सगळे पाइप बाहेर आले. सगळ्यात खालचा वाकला होता, तो वगळला. नवीन वायसर घातलं, सिलिंडर साफ केला, पुन्हा सगळी रांग उतरवली. आमच्याकडे अशा वेळी नारळ फोडतात. नारळ नव्हता. मी आकेलोला विचारून पंपाला कुंकवाचं बोट लावलं आणि डब्यातला शेवटचा तिळाचा लाडू पुढे ठेवला.

आकेलोनं गळ्यातली किल्ली काढली, पुन्हा बसवलेल्या दांड्याच्या साखळीचं कुलूप उघडलं आणि दांडा धरला. पहिले पंचवीस-तीस दांडे कोरडे जातात, हे मी लोकांना नेहमी सांगत आलोय. तरी त्या दिवशी प्रत्येक कोरड्या दांड्याबरोबर माझ्या तोंडचं पाणी पळत होतं. मग खालून तो आवाज आला, भरलेल्या पाइपाचा, जड. तोटीतून आधी लालसर गुळणी पडली आणि मागून मनगटाएवढी धार आली.

आकेलोनं दांडा सोडला. दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि ओरडली, "मोरया!" तिच्यामागून सगळा गाव, खुर्चीतला म्हातारासुद्धा काठीसकट, "मोरया! मोरया!" हाक कुणीच दिली नव्हती. मी तर नाहीच. आणि दांडा सुटला होता, सगळ्यांचे हात वर होते, तरी पाणी पडत होतं. पंपाच्या डोक्यातल्या टाकीत साठलेलं पाणी दांडा सोडल्यावरही थोडा वेळ येत राहतं, ती त्या पंपाची रचनाच आहे, मी बत्तीस वर्षं बघितलेली. पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं. गुरुवारी या लोकांची काही चूक झालीच नव्हती. देवाचं नाव आलं की हात सोडायचे, हे मीच त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा नीट शिकून घेतलं होतं. मी मात्र आजवर प्रत्येक 'मोरया'ला क्लॅम्प घट्ट धरून उभा होतो. माझ्या हातात अजून पाना होता. तो मी खाली ठेवला आणि हात वर केले.

मंगळवारी निघताना आकेलोची नात आजीच्या कडेवर बसून वाटीनं पंपाचं पाणी पीत होती. मॅडम म्हणाल्या, आता धोका नाही. माळ्यावरचा गळ मी पुढच्या खेपेला मॅडमबरोबर तिकडे पाठवून दिला, तो आता आकेलोच्या घरी असतो. त्या गावानं मला जे दिलं, त्याच्यापुढे ते चार किलो लोखंड काहीच नाही. माझ्या पायाची भिंगरी काही सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण केळझरला गेलो की आता मी प्रदक्षिणा झाल्यावर पायरीवर बसतो. काही मागत नाही, काही म्हणत नाही, हात मांडीवर नुसते पडलेले असतात. बायको खाली थोडा वेळ वाट बघते, मग चपला पायात घालून पुन्हा वर येते.

"चला न आता. किती येळ बसता?"

"थांब न जरा," मी म्हणतो. "मी कुठं आहो थे त्याले दिसू दे."